लाटांवरचे स्वार

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, मोशी व चाकण यांच्या दरम्यान, कुरुळी हे गाव आहे. एके काळी शेतीवर जगणारा हा परिसर आज कारखान्यांनी गजबजला आहे. येथून सरळ रेषेत मोजले, तर अरबी समुद्र सुमारे शंभर किलोमीटरांवर आहे. परंतु मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. म्हणून येथे पडणारे पावसाचे पाणी जवळच्या समुद्राकडे न जाता पूर्वेकडे वळते. इंद्रायणीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि कृष्णेबरोबर ते आंध्र प्रदेशात बंगालच्या उपसागरास मिळते. त्याच उपसागराच्या काठी, आणखी दक्षिणेस, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर कोळ्यांची मुले एक विलक्षण खेळ खेळतात. हातात लांबट फळी घेऊन ती फुटत्या लाटांमधून आत जातात, योग्य लाट येताच तिच्यावर आरूढ होतात आणि फळीवर ताठ उभी राहून वाऱ्याच्या वेगाने किनाऱ्याकडे येतात. ना वल्हे, ना शीड, ना यंत्र! या खेळास ‘सर्फिंग’ म्हणतात. आज जगातील अनेक देशांत तो खेळला जातो, आणि कित्येकांचा तर तो उदरनिर्वाहाचा व्यवसायही झाला आहे.

हा खेळ समजून घ्यावयाचा, तर प्रथम लाट म्हणजे काय हे जाणले पाहिजे. ज्वारीच्या उभ्या पिकावरून वारा वाहू लागला, की शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत लाट धावत गेल्यासारखी दिसते. ती लाट बांधापर्यंत पोहोचते. पण कणसे मात्र आपल्या जागीच असतात. ती केवळ वाकतात आणि पुन्हा उभी राहतात. समुद्राचेही असेच आहे. लाट पुढे जाते, परंतु पाणी तिच्याबरोबर जात नाही. पाण्याचा प्रत्येक कण लहानशा वर्तुळात फिरून जवळजवळ आपल्या मूळ जागी येतो. पुढे जाते ती फक्त शक्ती.

ही शक्ती वारा देतो. दूर समुद्रात वादळ उठले, की त्याच्या तडाख्याने पाणी खवळते. वारा जितका जोराचा, जितका अधिक वेळ टिकणारा आणि जितक्या विस्तीर्ण पाण्यावरून वाहणारा, तितक्या लाटा मोठ्या. वादळ शमले, तरी लाटांचा प्रवास थांबत नाही. १९६३ साली वॉल्टर मंक नावाच्या शास्त्रज्ञाने न्यूझीलंडपासून अलास्कापर्यंत सहा ठिकाणी उपकरणे ठेवून लाटांचा माग काढला. दक्षिण गोलार्धातील वादळांत जन्मलेल्या लाटा हजारो किलोमीटर चालून, विषुववृत्त ओलांडून, अलास्काच्या थंड किनाऱ्यापर्यंत पोहोचतात, असे त्याला आढळून आले. आपल्या देशाच्या किनाऱ्यावर एखाद्या निरभ्र, निवांत सकाळी जी संथ पण भारदस्त लाट येते, तीही पुष्कळदा अशीच दूरच्या दक्षिण महासागरातून आलेली पाहुणी असते.

किनारा जवळ आला, की लाटेचे पाय जणू तळाला लागतात. उथळ पाण्यात तिचा वेग मंदावतो. पुढचा भाग रेंगाळतो, मागचा भाग येऊन त्याच्याशी भिडतो, आणि लाट उंच व उभट होत जाते. पाण्याची खोली लाटेच्या उंचीच्या सुमारे सव्वापट उरली, की माथा पुढे कलंडतो आणि लाट फुटते. तळ सर्वत्र सारखा असेल, तर संपूर्ण लाट एकदमच कोसळते. ती स्वाराच्या उपयोगाची नसते. परंतु तळाशी खडक, प्रवाळ किंवा वाळूचा तिरकस बांध असेल, तर लाट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे क्रमाक्रमाने फुटत जाते. फुटलेल्या फेसाच्या पुढे जो गुळगुळीत, उभा उतार काही क्षण टिकतो, तीच स्वाराची वाट. ती त्याच्या समोर घडत जाते आणि त्याच्या पाठीमागे मोडत जाते.

स्वाराचे काम दिसते तितके सोपे नाही. फळीवर पालथे पडून तो दोन्ही हातांनी पाणी कापीत आत जातो आणि लाटा फुटतात त्या रेषेपलीकडे वाट पाहत बसतो. अनुरूप लाट दिसताच तो किनाऱ्याकडे तोंड करून जोराने हात मारतो. लाटेच्या वेगाशी त्याचा वेग जुळला, की लाट त्याला उचलते. त्या एका क्षणात त्याला दोन्ही पायांवर उभे राहावे लागते. एक पळ आधी उठला, तर लाट खालून निघून जाते. एक पळ उशीर झाला, तर ती त्याला उलथून टाकते. तासभर पाण्यात काढला, तरी प्रत्यक्ष स्वारीची वेळ थोडी मिनिटेच भरते. उरलेला सारा वेळ पोहण्यात आणि क्षितिजाकडे डोळे लावून बसण्यात जातो. म्हणून या विद्येत बाहुबलापेक्षा निरीक्षणाला आणि धीराला अधिक मोल आहे.

या विद्येचे माहेर म्हणजे प्रशांत महासागरातील हवाई बेटे. लाटेवर घसरण्याच्या कलेस तेथील लोक आपल्या भाषेत ‘हेए नालू’ म्हणत. राजे आणि प्रजा, स्त्रिया आणि पुरुष, म्हातारे आणि मुले, सारेच त्यात रंगून जात. सरदारांच्या फळ्या चार-पाच मीटर लांब असत, सामान्यांच्या आखूड. फळीसाठी झाड तोडण्यापूर्वी त्याच्या मुळाशी लाल रंगाचा मासा अर्पण करण्याची रीत होती. इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुक १७७८ साली या बेटांवर पोहोचला. पुढच्या वर्षी त्याच्या ताफ्यातील लेफ्टनंट किंग याने तेथील लोक लाटांवर कसे स्वार होतात याचे सविस्तर वर्णन लिहून ठेवले. खडकांवर आपटून चुराडा होईल अशा लाटांत ती माणसे आनंदाने शिरत, याचे त्याला मोठे नवल वाटले.

पुढील शतकात मात्र या बेटांवर मोठे संकट ओढवले. परक्या जहाजांबरोबर देवी, गोवर यांसारखे रोग आले. ते बेटांना अपरिचित असल्याने गावेच्या गावे ओस पडली. काही लाखांवर असलेली मूळ रहिवाशांची संख्या शंभर वर्षांत पन्नास हजारांच्या आत आली. १८२० पासून आलेल्या ख्रिस्ती धर्मोपदेशकांना हा खेळ म्हणजे आळसाचे व निर्लज्जपणाचे लक्षण वाटे. १८९३ साली हवाईचे राज्य उलथून टाकण्यात आले आणि १८९८ साली बेटे अमेरिकेस जोडण्यात आली. जमीन गेली, सत्ता गेली, भाषाही मागे पडली. लाटांवर स्वार होणारे फारच थोडे उरले. पण ते उरले. त्यांनी आपली विद्या मुलांच्या हाती दिली, म्हणून ती आज जगाला लाभली आहे.

अशा मुलांपैकीच एक म्हणजे ड्यूक कहानामोकू. त्याचा जन्म १८९० साली होनोलूलू येथे झाला. समुद्र हीच त्याची तालीम होती. १९१२ साली स्टॉकहोम येथे आणि १९२० साली अँटवर्प येथे भरलेल्या ऑलिंपिक सामन्यांत शंभर मीटर पोहण्याच्या शर्यतीत त्याने सुवर्णपदक मिळविले. परंतु जेथे जाई तेथे तो लोकांना आपल्या पूर्वजांचा खेळही दाखवी. १९१४ साली ऑस्ट्रेलियात गेला असता त्याने तेथेच लाकडाची फळी तयार करून घेतली आणि सिडनीजवळच्या किनाऱ्यावर लाटेवर उभे राहून दाखविले. ते पाहून त्या देशाला या खेळाचे जणू वेडच लागले.

ड्यूकचे मोठेपण त्याच्या पदकांतच सामावलेले नव्हते. १४ जून १९२५ रोजी कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ ‘थेल्मा’ नावाची मासेमारीची नौका प्रचंड लाटांत उलटली. तिच्यावर २९ माणसे होती. ड्यूक आपली लांब फळी घेऊन त्या उसळत्या पाण्यात शिरला. बुडणाऱ्यांना फळीवर ओढून घ्यावे, किनाऱ्यास आणावे आणि पुन्हा आत जावे, असे करीत त्याने एकट्याने आठ जणांचे प्राण वाचविले. त्याच्या सोबत्यांनी आणखी चौघांना वाचविले. सतरा माणसे मात्र बुडाली. खेळण्याची म्हणून मानली गेलेली फळी जीव वाचविण्याचे साधनही होऊ शकते, हे त्या दिवशी लोकांच्या ध्यानी आले. पुढे अनेक देशांतील जीवरक्षक आपल्याजवळ अशी फळी बाळगू लागले.

फळीचे रूपही काळाबरोबर पालटत गेले. पूर्वीची अखंड लाकडाची फळी इतकी जड असे, की ती उचलावयास धट्टाकट्टा गडी लागे. शिवाय ती सरळच धावे. तिला वळविणे अवघड. १९३५ च्या सुमारास टॉम ब्लेक याने फळीच्या तळाशी माशाच्या परासारखे पाते बसविले, आणि फळी स्वाराच्या इच्छेप्रमाणे वळू लागली. १९५० नंतरच्या दशकात लाकडाऐवजी पॉलियुरेथेनचा हलका फेस वापरण्यात येऊ लागला. त्या फेसाला फळीचा आकार देऊन त्यावर काचेच्या धाग्यांचे कापड आणि राळ यांचे कवच चढवितात. हे पदार्थ कुरुळी-चाकणच्या मुलांना अगदीच परके नाहीत. मोटारीच्या आसनात जो मऊ फेस भरलेला असतो किंवा शीतपेटीच्या भिंतीत जो कडक फेस असतो, तो याच कुळातला. आणि काचेच्या धाग्यांनी बळकट केलेले भाग अनेक वाहनांत बसविलेले असतात.

फळी हलकी झाली, तसा खेळ तरुणांत झपाट्याने पसरला. पुढे त्याला व्यवसायाचे रूप आले. १९७६ साली निरनिराळ्या देशांतील स्पर्धा एका सूत्रात गुंफून त्यांतून जगज्जेता ठरविण्याची प्रथा सुरू झाली. ऑस्ट्रेलियाचा पीटर टाउनेंड हा पहिला जगज्जेता होय. अमेरिकेचा केली स्लेटर याने १९९२ ते २०११ या काळात अकरा वेळा हा मान मिळविला. ऑस्ट्रेलियाची स्टेफनी गिलमोर हिने आठ वेळा तो पटकाविला. फार काळ स्त्रियांना पुरुषांपेक्षा कमी बक्षीस मिळत असे. २०१९ पासून जागतिक मालिकेत दोघांनाही सारखेच बक्षीस देण्यात येऊ लागले.

या स्पर्धांचे नियम मोठे मनोरंजक आहेत. इतर खेळांत मैदान आधीच तयार असते. येथे मैदान समुद्राने पाठवावे लागते. म्हणून स्पर्धेसाठी अनेक दिवसांची मुदत राखून ठेवतात आणि रोज पहाटे लाटा पाहून खेळ व्हावयाचा की नाही, हे ठरवितात. एक फेरी साधारणतः अर्ध्या तासाची असते. पाच पंच प्रत्येक स्वारीला शून्य ते दहा या दरम्यान गुण देतात. त्यांतील सर्वांत अधिक व सर्वांत कमी गुण वगळून उरलेल्या तिन्हींची सरासरी काढतात. अशा रीतीने खेळाडूच्या दोन उत्तम स्वाऱ्यांचे गुण एकत्र केले जातात. म्हणजे पूर्ण गुण वीस. नुसता टिकाव धरणाऱ्यास फारसे गुण नाहीत. लाटेच्या सर्वांत धोक्याच्या भागाजवळ राहून, वेग न गमावता जो सहज वळणे घेतो, तो श्रेष्ठ ठरतो.

हा व्यवसाय बाहेरून झगमगीत दिसतो. परंतु त्यातून पुरेसा पैसा थोड्यांनाच मिळतो. अनेकजण शिकवणी करून, फळ्या घडवून किंवा जीवरक्षकाची नोकरी करून आपला छंद जोपासतात. गरिबीतून वर आलेलेही त्यांत आहेत. ब्राझीलच्या एका लहानशा किनारी गावातील इतालो फेरेरा याचे वडील मासे विकत. मासे थंड ठेवण्याच्या पेटीचे फेसाचे झाकण हीच त्याची पहिली फळी. ड्यूक कहानामोकूची अशी इच्छा होती, की आपल्या खेळास ऑलिंपिकमध्ये स्थान मिळावे. ड्यूक १९६८ साली वारला. त्याची इच्छा पूर्ण झाली ती २०२१ साली, टोकियो ऑलिंपिकच्या वेळी. अंतिम फेरीच्या आरंभीच इतालोची फळी मोडली. त्याने दुसरी फळी घेतली आणि सुवर्णपदक जिंकले. स्त्रियांचे सुवर्णपदक कॅरिसा मूर हिने मिळविले. ती ड्यूकच्याच हवाई बेटांची कन्या. जेथे ही विद्या मरणपंथास लागली होती, तेथेच पहिले पदक जावे, यात मोठे औचित्य होते.

लाटांवरील या लोकांचे काही अलिखित कायदे आहेत. लाटेचा माथा जेथे फुटू लागतो, त्याच्या सर्वांत जवळ जो असेल, त्याची ती लाट. एका लाटेवर एकच स्वार. दुसऱ्याच्या वाटेत घुसणे हा मोठा उद्धटपणा समजतात. बाहेरून आलेल्याने आधी पाहावे, स्थानिकांना मान द्यावा आणि आपली पाळी येईपर्यंत थांबावे. मागून लाट येत असता फळी सोडून देऊ नये. कारण सुटलेली फळी दुसऱ्याच्या डोक्यावर आदळते. आणि कोणी संकटात दिसला, तर स्पर्धा असो वा खेळ असो, तो तेथेच टाकून त्याच्या मदतीस जावे.

या शेवटच्या नियमाचा मूर्तिमंत आदर्श म्हणजे एडी ऐकाऊ. हवाईतील वायमिया उपसागरावर तो जीवरक्षक होता. इतर लोक भीतीने मागे राहत, अशा लाटांत शिरून त्याने शेकडो माणसांना वाचविले. १९७८ च्या मार्चमध्ये पूर्वजांच्या पद्धतीने बांधलेल्या ‘होकुलेआ’ या जोडनौकेवरून तो दूरच्या प्रवासास निघाला. वादळी समुद्रात नौका उलटली. सोबती तिला धरून तरंगत होते. किनाऱ्यावर कोणालाही वार्ता नव्हती. तेव्हा एडी आपल्या फळीवर पडून मदत आणण्यासाठी एकटाच निघाला. पुढे एका विमानाच्या नजरेस ती नौका पडली आणि सोबती वाचले; एडी मात्र पुन्हा दिसला नाही. त्याच्या स्मरणार्थ वायमिया येथे स्पर्धा योजितात. लाटा अतिप्रचंड असल्याखेरीज ती भरवीत नाहीत. म्हणून कित्येक वर्षे ती होतच नाही. २०२३ च्या जानेवारीत ती झाली, तेव्हा ल्यूक शेपर्डसन हा जीवरक्षक त्या दिवशी कामावर होता. कामातून सुट्टी मिळेल तेवढ्या वेळात तो पाण्यात उतरला, आपली फेरी संपवून पुन्हा पहाऱ्यावर आला, आणि अखेरीस विजयीही तोच ठरला!

भारतात या खेळाची मुळे अलीकडे रुजली. कर्नाटकात मंगळूरजवळील मुल्की येथे २००४ साली एक मंडळ स्थापन झाले. तमिळनाडूतील कोवलम या कोळ्यांच्या गावात मूर्ती मेगवन याने लहानपणी जुन्या खिडकीच्या फळकुटावर लाटा पकडण्याचा खेळ केला होता. पुढे त्याने गावच्या मुलांना हा खेळ शिकविला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तमिळनाडूतच मामल्लपुरम येथे आशियाई स्पर्धा भरल्या. केरळातील कोवळमच्या लाटांवर वाढलेल्या रमेश बुदिहाळ याने तेथे कांस्यपदक मिळविले. आशियाई स्पर्धेत भारतीयाला मिळालेले हे पहिलेच वैयक्तिक पदक होय.

महाराष्ट्राला सातशेहून अधिक किलोमीटरांचा किनारा लाभला आहे. तरी येथे हा खेळ फारसा रुजलेला नाही. त्याला समुद्राचा स्वभावही काही अंशी कारण आहे. पावसाळ्यात नैर्ऋत्येचा वारा कोकणचा समुद्र असा खवळवितो, की कोळीही आपले मचवे वर ओढून ठेवतात. हिवाळ्यात तोच समुद्र एखाद्या तळ्यासारखा निवांत होतो. मात्र ही शांती फसवी असते, आणि हे न कळल्यामुळे मोठे अनर्थ झाले आहेत. १ फेब्रुवारी २०१६ रोजी पुण्याहून सहलीस गेलेले चौदा विद्यार्थी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर बुडाले. फेब्रुवारीचा महिना, भर दिवस, आणि समोर हसरा समुद्र!

किनाऱ्यावर फुटलेल्या लाटांचे पाणी समुद्रात परतते, तेव्हा पुष्कळदा ते एका अरुंद पट्ट्यातून जोराने आत जाते. अशा ओढीत सापडलेला माणूस घाबरून सरळ किनाऱ्याकडे पोहू लागतो, थकतो आणि बुडतो. ही ओढ तळाकडे खेचीत नाही, फक्त आत नेते. म्हणून जाणते लोक तिच्याशी झुंजत नाहीत. ते तरंगत राहतात, हात वर करून मदत मागतात, आणि किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर येतात. फेसाळ लाटांच्या मध्येच जेथे लाटा न फुटता पाणी संथ व गढूळ दिसते, ती जागा नवख्याला सुरक्षित वाटते. पण पुष्कळदा ओढ तेथेच असते. भरती-ओहोटीची वेळ गावच्या कोळ्याला विचारावी, जीवरक्षकाने निषिद्ध केलेल्या जागी उतरू नये, आणि पोहता येत नसेल, तर पाण्यात पुढे जाऊच नये, हे त्या जाणत्यांचे साधे नियम आहेत.

१९७१ च्या सुमारास फळी पायाला बांधण्याची दोरी प्रचारात आली. तोपर्यंत जो पडे, त्याला पोहतच किनाऱ्यापर्यंत जावे लागे. म्हणून प्रत्येक स्वार आधी पट्टीचा पोहणारा असे. दोरीमुळे सोय झाली. पण दोरी तुटते, फळीही मोडते. शेवटी माणसाजवळ उरते ते त्याचे स्वतःचे पोहणे आणि समुद्राची ओळख. हजारो कोसांवरून आलेल्या लाटेला कोणी जिंकू शकत नाही. तिचा स्वभाव जाणून घेतला, तर ती चार क्षण आपल्या पाठीवर वाहून नेते. आणि ज्याला तो स्वभाव कळला, तोच बुडणाऱ्याला हात देऊ शकतो.